शेवटचा हप्ता पावसानंतर : पुण्यात मोकळ्यावरचा ओटा बांधून घेताना

पुण्यात 'आउटडोअर किचन' या नावाखाली जे बांधलं जातं ते बहुतेक तीन ठिकाणी : बंगल्याच्या मागच्या अंगणात, फ्लॅटच्या जोडटेरेसवर, आणि मुळशी-पानशेतकडच्या फार्महाऊसवर. तिन्हीकडे मामला सारखाच. एक ओटा, सिंक, शेगडी, हौस असेल तर चूल किंवा बार्बेक्यू, आणि वर छप्पर. आठ-दहा फुटांचं तर काम, असं वाटतं, आणि खरी अडचण तिथेच आहे. मोठा कंत्राटदार एवढ्याशा कामाला हात लावत नाही, लहान मिस्त्री तोंडी बोलीवर घेतो. शिवाय एवढ्याशा कामात गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, फॅब्रिकेटर, ग्रॅनाइटवाला आणि वॉटरप्रूफिंगवाला असे सहा हात लागतात. एकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं त्या सांध्यातूनच पुढे पाणी झिरपतं, आणि मग प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

घरातला ओटा बांधणारे पुण्यात शेकड्यांनी आहेत. मोकळ्यावरच्या ओट्यावर मात्र जून ते सप्टेंबर पाऊस पडणार, मार्च ते मे ऊन तापणार आणि एप्रिल-मेमध्ये वळवाचं वादळ छप्पर उचलायला बघणार. म्हणून माणूस कुणाला नेमायचा, काम कधी काढायचं आणि पैसे कसे द्यायचे, हे तिन्ही प्रश्न पावसाकडे बघून सोडवायचे. पुढचं सगळं त्या हिशोबाने लिहिलं आहे. ज्यांनी आजवर कधी कंत्राटदार नेमला नाही, त्यांना समोर धरून.

जागा कुणाची, परवानगी कुणाची

फ्लॅट असेल तर पहिलं काम खरेदीखत काढून वाचणं. टेरेस आपल्या नावावर आहे की सोसायटीची सामाईक, ते तिथे कळतं. वरचा मजला आपला म्हणून गच्ची आपली होत नाही. सामाईक गच्चीवर कायमचा ओटा बांधायचा विषय डोक्यातून काढून टाका. चाकांची शेगडी आणि घडीचं टेबल न्या, काम संपलं की खाली आणा. जोडटेरेस आपलीच असली तरी मॅनेजिंग कमिटीची लेखी परवानगी घ्या. अर्जात नळ, सांडपाणी, वीज आणि छप्पर या चार गोष्टींचा स्पष्ट उल्लेख करा, कारण पुढची भांडणं या चारांवरूनच होतात. 'चेअरमनकाकांशी बोललोय' याला परवानगी म्हणत नाहीत. कमिटी दर काही वर्षांनी बदलते.

बंगल्याला प्रश्न सामासिक अंतराचा. प्लॉटच्या हद्दीपासून सोडलेली मोकळी जागा मोकळीच ठेवायची असते. डिसेंबर २०२० पासून मुंबईसारखे काही अपवाद वगळता राज्यभर एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, पुणे महापालिका त्यातच येते. नुसता ओटा आणि त्यावर पक्कं छप्पर यात कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक पडतो. खांब रोवून पत्रा किंवा स्लॅब टाकलात की ते बांधकाम झालं, आणि परवानगी नसेल तर १९६६च्या नगररचना अधिनियमाखाली नोटीस येऊ शकते. बहुतेक वेळा ती शेजाऱ्याच्या तक्रारीवरून येते. म्हणून ज्या आर्किटेक्टने घराचा नकाशा मंजूर करून घेतला त्यालाच एकदा विचारा. तासाभराची फी जाईल, पण उत्तर पक्कं मिळेल. कंत्राटदार 'काही होत नाही हो' म्हणेल. नोटीस त्याच्या नावावर येत नसते.

वजनाचा हिशोब

गच्चीवरच्या कामाला हा भाग टाळून चालत नाही. माणसं वावरतात अशा गच्चीसाठी भारतीय मानकांत दर चौरस मीटरला साधारण दीडशे किलो जादा भार धरलेला असतो. आता साडेचार इंची विटेची अडीच फूट उंच भिंत घ्या : एका मीटर लांबीला दीडशे किलोच्या वर वजन होतं. ओट्याखाली अशा तीन-चार आडव्या-उभ्या भिंती, वर कडप्पा, त्यावर ग्रॅनाइट (अठरा-वीस मिलिमीटरचा ग्रॅनाइट चौरस फुटाला पाच किलो धरा), भरीला भरलेलं सिंक आणि पाहुणे. बेरीज कुठे जाते ते दिसलंच.

म्हणून गच्चीवर ओटा नेहमी तुळईच्या किंवा खालच्या भिंतीच्या रेषेवर घ्यायचा, स्लॅबच्या मधोमध नाही. टेरेसचा काही भाग इमारतीबाहेर झुलता काढलेला असेल तर त्याच्या बाहेरच्या कडेवर काहीही बांधायचं नाही, मग तिथून टेकडी कितीही छान दिसो. विटेऐवजी सिपोरेक्सचे (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक घेतले तर भिंतीचं वजन जवळजवळ एक तृतीयांशावर येतं. मला विचाराल तर गच्चीसाठी चौकोनी पाइपची फ्रेम, तिला सिमेंट बोर्ड आणि वर ग्रॅनाइट हाच शहाणा मार्ग. बंगल्याच्या अंगणात मात्र बिनधास्त वीट वापरा, काळ्या दगडाचं बांधकाम आवडत असेल तर तेही. तिथे जोत्याखाली नीट कोबा केला की झालं.

कंत्राटदाराला पहिल्या भेटीत विचारून बघा : "खाली बीम कुठून जातोय?" तो पाय आपटून "स्लॅब मजबूत आहे साहेब" म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि निरोप द्या. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा जागा दाखवा.

कंत्राटदार येण्याआधी कागदावर काय हवं

वहीच्या पानावर हाताने काढलेला नकाशा पुरतो. त्यात मापं, नळ, सिंक, शेगडी आणि प्लग कुठे ते दाखवा. हे तुम्ही ठरवलं नाही तर गवंडी ठरवतो, आणि त्याच्या घरचा स्वयंपाक वेगळा असतो.

ओट्याची उंची : जो माणूस तिथे सर्वात जास्त उभा राहणार त्याच्या कोपरापासून चारेक इंच खाली. बाहेरच्या शेगडीवर बहुधा मोठी पातेली चढतात, म्हणून शेगडीखालचा भाग आणखी थोडा खाली घेतला तर रस्सा ढवळताना खांदे भरून येत नाहीत. भाकरी बसूनच थापणार असाल तर चूल ओट्यावर घेऊच नका, बाजूला जमिनीलगत बांधा.

इंधनाचा निर्णय आधी, कारण त्यावर कपाटाची रचना ठरते. सिलिंडर असेल तर कपाटाच्या तळाशी हवा खेळायला जाळी हवी. एलपीजी हवेपेक्षा जड, गळती झाली तर खाली साचतो. पाइपचा गॅस हलका, तो वर जातो, त्याला वर वाट लागते. पाइप गॅसचा जादा पॉइंट हवा असेल तर एमएनजीएलकडे, म्हणजे पाइप गॅस पुरवणाऱ्या कंपनीकडे, रीतसर अर्ज करा. तुमचा प्लंबर कितीही हुशार असला तरी त्या पाइपला त्याने हात लावायचा नाही. दोन्ही गॅसना शेगडीचे जेटही वेगळे लागतात, तेव्हा घरातली जुनी सिलिंडरची शेगडी बाहेर पाइप गॅसवर तशीच जोडता येणार नाही.

चूल किंवा भट्टी हवी असेल तर आतलं अस्तर अग्निरोधक विटांचं आणि फायर क्लेच्या मसाल्यातलं. साधा सिमेंटचा गिलावा जाळाने सुटतो, आणि जाळाला चिकटून ग्रॅनाइट बसवला तर तो तडकतो. धुराचं म्हणाल तर अंगणात धुराडं उंच नेता येतं. सोसायटीत लाकडाची चूल म्हणजे वरच्या मजल्याशी कायमचं वैर. तिथे गॅसवर समाधान माना.

आता सांडपाणी. पुण्यात पुष्कळ सोसायट्यांत गच्चीवरच्या पावसाळी पाण्याचा पाइप खाली पुनर्भरणाच्या खड्ड्यात किंवा थेट बोअरमध्ये सोडलेला असतो. नवीन सिंकचा पाइप गवंडी सोयीचा म्हणून त्याच पन्हाळीला जोडतो, आणि साबणाचं, तेलकट पाणी सगळ्या सोसायटीच्या बोअरमध्ये उतरतं. सिंकचं पाणी घरातल्या मोरीच्या किंवा किचनच्या सांडपाण्याच्या लाइनलाच गेलं पाहिजे, मध्ये ट्रॅप (वास अडवणारा, पाणी धरून ठेवणारा बाक) घालून. तिथपर्यंत ढाळ मिळत नसेल तर सिंकची जागा बदला, लाइन बदलू नका.

माणूस शोधणं

सोसायटीच्या ग्रुपवर 'कुणाकडे चांगला कंत्राटदार आहे का' असं विचारलं की पाच मिनिटांत दहा नंबर येतात. त्यातल्या प्रत्येकाला एकच गोष्ट मागा : तुम्ही केलेलं आणि किमान दोन पावसाळे खाल्लेलं मोकळ्यावरचं काम दाखवा. मोबाइलवरचे फोटो नकोत. फोटोत सगळे ओटे चकाचक असतात, कारण ते काम संपल्या दिवशी काढलेले असतात. तिथे गेल्यावर ओट्यापेक्षा त्याच्या पाठीमागची भिंत बघा, पापुद्रे सुटलेत का. छपराच्या खांबाच्या बुडाशी गंज आहे का ते बघा. मग घरमालकांना दोनच प्रश्न विचारा : ठरल्यापेक्षा पैसे किती वाढले, आणि काम झाल्यावर बोलावलं तेव्हा तो आला का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना माणसाचा चेहरा बघा, निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

हार्डवेअरच्या दुकानदाराला विचारणंही चांगलं. उधारी कोण वेळेवर फेडतो आणि कोण तोंड लपवतो ते त्याला पक्कं ठाऊक असतं. जो दुकानदाराचे पैसे थकवतो तो तुमच्या ॲडव्हान्समधून मागचं काम पुरं करणार.

तीन जणांना जागेवर बोलवा. फोनवर भाव सांगणाऱ्याला तिथेच वगळा. आलेल्या माणसाचं वागणं नीट न्याहाळा. चांगला मिस्त्री खिशातून टेप काढायच्या आधी पाणी कुठे जातं ते बघतो. मगभर पाणी मागून फरशीवर ओततो आणि ते कुठल्या कोपऱ्याकडे पळतं ते उभा राहून पाहतो. नाण्याने फरशी वाजवून बघतो, बद्द आवाज आला की मान हलवतो. खाली कुणाची खोली आहे, पाऊस कुठल्या बाजूने मारतो, हे विचारतो. पुण्यात पावसाळी वारा बहुतेक पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. हे ज्याला सांगावं लागत नाही तो कामाचा. पहिलाच प्रश्न 'बजेट किती आहे?' असेल तर समजा तो ओटा मापत नाही, तुम्हाला मापतो आहे.

बिल जीएसटीसह देणार असेल तर त्याचा नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा, नाव आणि चालू-बंद स्थिती लगेच दिसते. नाक्यावरून गवंडी-बिगारी आणून रोजंदारीवर हे काम काढणं फक्त त्यालाच जमतं ज्याला दिवसभर साइटवर उभं राहता येतं. नोकरी करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

कोटेशन वाचताना

'किचन ओटा ग्रॅनाइटसह, फिटिंगसह, लमसम' अशी एक ओळ आणि खाली आकडा, असं कोटेशन आलं तर ते परत पाठवा. ओळ अशी हवी : ओटा लांबी १० फूट, रुंदी २ फूट, उंची २ फूट १० इंच. वीटकाम साडेचार इंची, मसाला १:६ (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू). गिलावा १:४, आतून आणि बाहेरून. कडप्प्याचा बेस, त्यावर १८ मिलिमीटर ग्रॅनाइट, लेदर फिनिश. पुढच्या कडेला मोल्डिंग, खालून ड्रिप (पाणी मागे वळू नये म्हणून खाच). सिंकचा कटआउट एक, शेगडीचा एक. अशा ओळी तिघांकडून आल्या तरच भावांची तुलना करता येते, नाहीतर एकाने कोथिंबिरीसकट भाव सांगितला आणि दुसऱ्याने कोथिंबीर वगळून, असं होतं.

मापात मेख असते. एल आकाराच्या ओट्याचा रनिंग फूट मोजताना कोपरा दोन्ही बाजूंनी धरला की दोन फूट फुकट वाढतात. कटआउटची जागा काही जण मापातून वजा करत नाहीत आणि वर कापण्याचे वेगळे पैसे लावतात. मोल्डिंग वेगळं, वेस्टेज वेगळं. हे सगळं आधी विचारलं तर कुणी रागावत नाही, बिल आल्यावर विचारलं की मात्र आवाज चढतात.

आणखी काही खर्च कोटेशनमध्ये कधीच नसतात आणि शेवटी हमखास उगवतात : सामान वर चढवण्याची मजुरी (सोसायटीची लिफ्ट सिमेंटच्या गोणीला मिळत नाही), पाण्याचा टँकर, आणि राडारोडा उचलणं. राडारोड्याची जबाबदारी त्याची, असं लिहून घ्या. तो नदीपात्रात किंवा रिकाम्या प्लॉटवर टाकला गेला तर दंडाची पावती तुमच्या दारात येऊ शकते. 'प्लस जीएसटी' एवढंच लिहिलं असेल तर अशा कामाला तो साधारण १८ टक्के धरून एकूण आकडा मांडा.

साहित्य कुणी आणायचं? सिमेंट, क्रश सँड, विटा, पाइप, वॉटरप्रूफिंगची रसायनं त्याच्याकडे सोपवा. उद्या गळालं तर 'मटेरियल तुमचं होतं' म्हणायला जागा राहत नाही. ग्रॅनाइट, सिंक, नळ आणि शेगडी मात्र स्वतः निवडा. दगडासाठी गंगाधाम-कोंढवा रस्त्याकडची दुकानं आहेत, बारीकसारीक हार्डवेअरसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी. ग्रॅनाइटच्या दुकानात जाताना नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली आणि पांढरं फडकं न्या. काळ्याभोर दगडावर घासून फडक्याला काळं लागलं तर तो रंगवलेला आहे, उन्हात राखाडी पडणार. मग थोडं पाणी ओतून पाच-दहा मिनिटं थांबा. डाग गडद होत गेला तर दगड पाणी पितो, उद्या तेलही पिईल. पसंत केलेल्या लादीच्या पाठीवर खडूने नाव लिहा आणि फोटो काढा. साइटवर भलतीच लादी उतरणं नवीन नाही.

नुसता कडप्पा वरच्या थराला नको. लिंबू-चिंचेचे डाग त्यावर बसतात, उन्हापावसात पापुद्रे निघतात. क्वार्ट्झ घरात सुंदर दिसतो, पण त्यातला रेझिन उन्हाने पिवळा पडतो. बाहेर साधा, खरखरीत फिनिशचा ग्रॅनाइटच टिकतो. कपाटाला प्लायवूड नको. 'मरीन आहे साहेब' म्हणाले तरी नको.

स्टीलची गंमत वेगळीच. सिंक, फ्रेम, दारं ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची हवीत. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो : "बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४." चुंबक २०२ ग्रेडलाही चिकटत नाही. आणि २०२ला पुण्याच्या एका पावसाळ्यात तांबूस ठिपके येतात. ग्रेड ओळखायचं रसायन मिळतं, थेंब टाकला की रंगावरून कळतं. दुकानात ते असेल तर समोर टाकायला लावा, नसेल तर बिलावर '३०४' असं छापून घ्या. छापायला का-कू केली की समजायचं ते समजा.

करार आणि पैसे

लहान कामाला करार कशाला, असं दोन्ही बाजूंना वाटतं. दोन पानांचा पुरतो. पहिल्या पानावर कोटेशन आणि नकाशा जोडलेला, दुसऱ्यावर तारखा, हप्ते, हमी आणि जादा कामाची अट : लेखी होकाराशिवाय, म्हणजे निदान व्हॉट्सॲपवर भाव ठरल्याशिवाय, जादा काम धरलं जाणार नाही. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. स्टॅम्प पेपर हवा असेल तर राज्यात ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा लागतो.

पैशाचा क्रम कामाच्या टप्प्यांना बांधा, तारखांना नाही. समजा काम तीन लाखांचं आहे. सुरुवातीला ४५ हजार. वॉटरप्रूफिंग आणि वीटकाम झाल्यावर ७५ हजार. गिलावा होऊन पाइप आणि वायरिंग तपासून झालं की ६० हजार. ग्रॅनाइट बसून छप्पर चढलं की ६० हजार. काम पूर्ण होऊन साइट साफ झाली की ३० हजार. आणि उरलेले ३० हजार पहिल्या मोठ्या पावसानंतर.

या शेवटच्या ३० हजारांवर घासाघीस होणार. "पाऊस काय माझ्या हातात आहे का?" असं तो म्हणेल, आणि ते रास्तच आहे. म्हणून कराराला तारीख घाला : पाऊस येवो न येवो, ३१ जुलैला हिशोब पूर्ण. तोवर गळती दिसली तर आधी दुरुस्ती, मग पैसे. दहा टक्क्यांवर अडून बसला तर पाचावर या, पण शून्यावर येऊ नका. बोलून बघितल्यावर लक्षात येतं, ज्याला आपल्या वॉटरप्रूफिंगचा भरवसा आहे तो थोडी कुरकुर करून तयार होतो. ज्याला नाही तो एकूण भावात सूट देऊ करतो, पण ही अट काढायला लावतो. ती सूट घेऊ नका.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. टप्पा पूर्ण झाला की त्याच दिवशी पैसे द्या. त्याला शनिवारी मजुरांचा पगार वाटायचा असतो. तुमचा चेक पुढच्या गुरुवारपर्यंत रेंगाळला की त्याची माणसं दुसऱ्या साइटवर जातात, आणि मग ती 'उद्या नक्की' येत राहतात. शक्य तितकं बँकेतून द्या. एका कामापोटी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात मुळातच चालत नाही.

दिरंगाईला रोजचा दंड लावायचं कलम लिहायला छान वाटतं, वसूल कुणालाच होत नाही. त्यापेक्षा काम कधी काढायचं ते नीट ठरवा. दसरा-दिवाळीत मजूर गावी जातात. दिवाळीनंतर माणसं परतली की सुरुवात करा आणि मार्चअखेर संपवा. एप्रिल-मेमध्ये ऊन असं असतं की गिलाव्याला कितीही पाणी मारा, तो तडकतो. त्यातच गावच्या जत्रा लागतात. जूनमध्ये काम काढणाऱ्याला काही सांगण्यात अर्थ नाही.

काम चालू असताना

रोज दहा मिनिटं साइटवर जा. सूचना देण्यासाठी नको, बघण्यासाठी. सूचना एकाच माणसाला द्यायच्या, कंत्राटदाराला. घरातून आजोबांनी गवंड्याला, वहिनींनी प्लंबरला आणि तुम्ही फोनवरून मुकादमाला वेगवेगळं सांगितलं की प्लगचा बोर्ड सिंकच्या वर येतो.

गच्चीवर एक नियम लोखंडासारखा पाळा : कोब्याला ड्रिल लागता कामा नये. पुण्यातल्या बऱ्याच गच्च्यांवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि वर चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) असतं, तेच तुमचं वॉटरप्रूफिंग. छपराचा खांब उभा करायला फॅब्रिकेटर सरळ चार भोकं पाडून फास्टनर ठोकतो, आणि पाणी त्या भोकांतून थेट खालच्या बेडरूममध्ये. खांबाखाली छोटा काँक्रीटचा ठोकळा, त्याच्या कडेने गोल वाटा (सांध्यात सिमेंटची गोलाई) मारून घेतलेला, आणि बेस प्लेट त्या ठोकळ्यावर. ठोकळ्याचं बोल्टिंग आणि आधार कुठे घ्यायचा हे इंजिनिअरला विचारून. कठड्याच्या भिंतीवर छपराचा भार देऊ नका, ती त्यासाठी बांधलेली नसते.

वॉटरप्रूफिंग झालं की पन्हाळीला बोळा लावून दोन दिवस पाणी भरून ठेवा. खालच्या मजल्यावरच्या काकूंना आधी सांगा, आणि पाणी भरण्याआधी त्यांच्या छताचे फोटो काढून ठेवा. जुना डाग कुठला आणि नवा कुठला हा वाद मग उरत नाही. ओलावा दिसला तर काम तिथेच थांबवायचं. फरशी बसल्यावर सांगून उपयोग नसतो.

पाइप आणि वायरिंग गिलाव्यात झाकण्याआधी भिंतीला टेप लावून फोटो घ्या, म्हणजे पुढे खिळा ठोकताना पाइप कुठे आहे ते कळेल. विजेसाठी घरातल्या बोर्डापासून स्वतंत्र लाइन, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (शॉक लागताच वीज तोडणारा स्विच), नीट अर्थिंग, आणि झाकणाचे पाणीरोधक प्लग. ओल्या हाताने मिक्सर लावला जाणारच आहे हे गृहीत धरा. इलेक्ट्रिशियन परवानाधारकच हवा.

गवंडीकामात तीन गोष्टी कुणालाही बघता येतात. ओळंबा लावून भिंत सरळ आहे का, कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का, आणि वीट बसवण्याआधी भिजवली आहे का. गिलाव्याला निदान सात दिवस पाणी मारलं पाहिजे. ते कोण मारणार हे आधीच ठरवा, कारण कंत्राटदार समजतो घरचे मारतील आणि घरचे समजतात तो मारेल. गोणपाट ओलं करून पांघरलं तर काम निम्मं होतं.

छप्पर पॉलिकार्बोनेटचं असेल तर अतिनील थर असलेली बाजू वर. पत्र्याचे स्क्रू रबरी वॉशरसकट आणि उंचवट्यावर, खोलगटात नाहीत. पश्चिमेला छप्पर ओट्यापेक्षा फूट-दीड फूट पुढे काढा आणि शेगडीला त्या बाजूने आडोसा द्या, नाहीतर वाऱ्याने जाळ विझतो आणि गॅस चालू राहतो.

ताबा घेताना

मगभर पाणी ओट्यावर ओता : ते सिंककडे गेलं पाहिजे, भिंतीकडे नाही. सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा आणि खाली बॅटरी मारून सांधे बघा. गॅसच्या प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावा. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. फरशी नाण्याने वाजवा, पोकळ आवाजाची बदलून मागा. ग्रॅनाइटच्या कडेखालून बोट फिरवून ड्रिपची खाच आहे का बघा. ही खाच नसली की पाणी कडेवरून मागे वळून थेट कपाटात शिरतं, आणि 'बसवताना राहून गेली' हे उत्तर फार ऐकू येतं. सगळी बिलं आणि वॉटरप्रूफिंगची लेखी हमी हातात आल्याशिवाय पाचवा हप्ता सोडू नका.

काम अर्धवट टाकून कंत्राटदार गायब झाला तर आधी लेखी नोटीस, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंतच्या कामाची तक्रार तिथे चालते, आणि काम ५ लाखांपर्यंतचं असेल तर फीही लागत नाही. करार, व्हॉट्सॲप आणि बँकेच्या नोंदी जपून ठेवल्या असतील तरच तिथे काही हाताला लागतं.

मग जून. पहिला जोरदार पाऊस पडत असतानाच छत्री घेऊन बाहेर या, दुसऱ्या दिवशी नको. छपराचं पाणी कुठे पडतं, खांबाच्या बुडाशी थांबतं का, प्लगच्या झाकणात शिरतं का ते बघा आणि व्हिडिओ घ्या. दोन दिवसांनी खालच्या काकूंच्या छताला हात लावून या. सगळं कोरडं असेल तर कंत्राटदाराला स्वतःहून फोन करा, उरलेले पैसे द्या, आणि हिशोब पूर्ण झाल्याच्या पावतीवर हमी किती वर्षांची आणि कधीपासून, हे त्याच्याच हाताने लिहून घ्या.